कॉम्प्युटर सायन्सची सावड

नूतनने कुठल्या विषयात पदवी घ्यावी, हे नूतन सोडून साऱ्या उत्रोलीला ठाऊक होतं. तसं ते नूतनलाही ठाऊक होतं म्हणा, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि ज्याला कुणी विचारत नाही, त्याचं ठाऊक असणं आपल्याकडे धरत नाहीत.

तिला प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं. सुरुवात मोबाईलवरच्या व्हिडिओंनी झाली. शुभ्रा दुपारी झोपली की एक हात पोरीच्या पाठीवर आणि एक मोबाईलवर, असं तिचं शिक्षण चालायचं. थोपटणं थांबलं की शुभ्रा डोळे उघडायची, म्हणून अवघडातला अवघड धडासुद्धा नूतनने थोपटण्याच्या तालावर घेतला. पुढे अमृतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, भोरात दूध घालता घालता एका गिऱ्हाइकाकडून जुना लॅपटॉप आणला. त्याची एक कळ निघालेली होती, तिथे काडेपेटीतली काडी टोचावी लागे. त्यावर नूतनने पहिला प्रोग्रॅम लिहिला. चालवला की पडद्यावर 'शुभ्रा, ऊठ' अशी अक्षरं उमटायची. शुभ्रा दोन वर्षांची. तिला वाचता येत नव्हतं आणि ती उठलीही नाही, पण प्रोग्रॅम बिनचूक चालला होता. जगात निदान एक गोष्ट तरी आपण सांगू तसं वागते, हे नूतनला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. एक लहानगी पोर, एक सासरा आणि एक नवरा सांभाळणाऱ्या बाईला त्याचं काय अप्रूप वाटलं असेल, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

बारावी सायन्स तिची झालेली होती, गणितात मार्कही भले होते. मधे लग्न झालं, शुभ्रा झाली. आता भोरच्या कॉलेजात प्रवेश सुरू होते आणि प्रश्न उरला होता तो फक्त विषयाचा.

सासरे, रखमाजी, बी.ए.च्या बाजूचे. बी.ए. घरबसल्या होते, परीक्षेपुरतं जायचं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. डिग्री ही लग्नातल्या आहेरासारखी असते, आत काय आहे ते मांडवात कुणी उघडून बघत नाही, असं त्यांचं मत होतं. ज्यांनी लॅपटॉप दिला ते भोरातले निवृत्त नारायणकाका मात्र ठाम होते, की प्रोग्रॅमर व्हायचं असेल तर मेकॅनिकल घ्यावं. त्यांचा मंदार मेकॅनिकल शिकला, आयुष्यात एका मशीनला हात लावला नाही, आणि आज हिंजवडीत मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. त्याच्या ऑफिसात मजलाच्या मजला मेकॅनिकलवाल्यांचा आहे, म्हणे. कॉम्प्युटर शिकलेला एकच होता, तोही बँकेच्या परीक्षा देऊन गेला. मेकॅनिकल भोरात नाही, हे लक्षात आणून दिल्यावर काका बी.सी.ए.वर आले. बी.सी.ए.ची प्रवेश परीक्षा कधीच होऊन गेली, हे कळल्यावर ते नूतनवर रागावले. "सूनबाई, सल्ला वेळेवर घ्यावा लागतो," ते म्हणाले. वास्तविक ती दूध द्यायला गेली होती.

शेजारच्या बनाबाईंची भाची बी.कॉम. होती आणि एका पतसंस्थेत बसत होती. तिच्या टेबलावर कॉम्प्युटर होता आणि डोक्यावर एसी. त्यामुळे बी.कॉम. केलं की कॉम्प्युटर आपोआप येतो, वर थंडही वाटतं, असं बनाबाईंचं गणित.

नूतनचं मन कधीच बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सवर बसलं होतं. त्यात गणित होतं, संख्याशास्त्र होतं, इलेक्ट्रॉनिक्स होतं. मशीनला नुसतं चालवायला नव्हे, समजून घ्यायला शिकवणारं तेवढंच होतं. आणि हाच त्याचा दोषही होता, कारण त्याला रोज दुपारी प्रॅक्टिकल होतं आणि हजेरी सक्तीची होती. चंद्राबाई, तिच्या सासूबाई, दुपारी शेतात. अमृत दुधाच्या टेम्पोवर. मग दुपारी शुभ्रा कुणापाशी? रखमाजींनी हा प्रश्न एकदाच विचारला आणि पुन्हा विचारायची गरजच पडली नाही. दुपारी मिळाल्या नाहीत तर कॉम्प्युटर सायन्स नाही, आणि ते नाही तर मग आहेच मांडवातला आहेर.

अशात भाताची लावणी सुरू झाली. उत्रोलीत लावणी मजुरीने कमी आणि सावडीने जास्त होते. आज तुमच्या घरच्या बायांनी माझ्या खाचरात राबायचं, उद्या माझ्या घरच्यांनी तुमच्यात. पैशाचा संबंध नाही. हाताची फेड हाताने. सावडीत दिलेला दिवस कुणी विसरत नाही आणि सावडीला आलेला हात कुणी परत पाठवत नाही. तसं केलं तर त्या घराशी बोलणं बंद होतं, आणि मग ते बारशाशिवाय सुरू होत नाही.

त्या दिवशी सावड बनाबाईंच्या खाचरात होती. नूतन गुडघाभर चिखलात वाकलेली, डाव्या हातात रोपांची मूठ. बांधावरच्या झोळीत शुभ्रा. कंबर मोडायला आलेली असताना तिच्या तोंडून एक वाक्य सुटलं. ते वाक्य नव्हतंच खरं तर, तो सुस्कारा होता. ती म्हणाली, पोरं सांभाळायची पण अशी सावड असती तर मी रोज दुपारी कॉलेजला गेले असते.

सगळी ओळ थांबली.

नूतन मूळची भोंगवलीची. तिकडे उसाचं रान, तिथे सुस्कारा हा सुस्काराच असतो. पण उत्रोलीत खाचरात उभं राहून, चार बायांच्या देखत, सावडीचा शब्द काढला की ती घातली असं धरतात. हे तिला लग्नात कुणी सांगितलेलं नव्हतं.

बनाबाईंनी कंबर सरळ केली. "घातलीस म्हन की. कवापास्नं?"

नूतन म्हणाली, अहो काकी, मी आपलं सहज. पण तोवर सुलक्षणाने, पलीकडच्या घरच्या सुनेने, सोमवार मागून घेतला होता. सुलक्षणाने सोमवार घेतला म्हणताच बनाबाईंना मंगळवार घेणं भाग पडलं, कारण एका कोंबडीवरून दोघींचं वर्षभर वाकडं होतं. खाचर संपेपर्यंत सात घरांनी आपापली दुपार लावून टाकली. ज्यांना आठवड्यातला वार मिळाला नाही, त्यांनी परीक्षेचे दिवस धरले. एका म्हातारीने, कुणी आजारी पडलं तर मी, असं सांगून ठेवलं आणि कोण आजारी पडतंय म्हणून आशेने सगळ्यांकडे पाहिलं.

आता दुपार दिली म्हणजे मत आलंच. आपण काय लावतो आहोत हे माहीत नसताना कुणी सावडीला जात नाही. तेव्हा पुढचे चार दिवस प्रत्येक खाचरात नूतनच्या पदवीवर चर्चा झाली. नूतनने परोपरीने समजावलं. शेवटी बायांनी आपापसात ठरवलं, की बी.ए. म्हणजे पेरभात, टाकलं की उगवतं; बी.कॉम. म्हणजे हायब्रीड, उतारा बरा पण चव बेताची. आणि हे गणितवालं म्हणजे इंद्रायणी, लावायला जीव घेते पण वास तिचाच. बनाबाई बी.कॉम. सोडायला तयार नव्हत्या. सुलक्षणा गणितवाल्याच्या बाजूची होती, आणि बनाबाई बी.कॉम.च्या बाजूच्या असण्याचं तेही एक कारण होतं.

सोक्षमोक्ष लागला तो चंद्राबाईंच्या चुलीपाशी. चंद्राबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी रखमाजींच्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि सांगितलं, "बी.ए. न्हाई जमायची."

"का गं?"

"सात घरांनी दुपारी दिल्यात. बी.ए.ला एकीचीबी लागत न्हाई. मंग परत कुनाची करायची? तुमी जाऊन सांगनार का बनाला?"

रखमाजींनी भाकरीचा घास हातातच धरला. त्यांच्या स्वतःच्या खाचराची लावणी अजून व्हायची होती.

"मंग ते बी.कॉम. घ्या."

"त्याला दोन-तीनच दुपारी लागत्यात. बाकीच्यांनी काय तोंडाकडं बघत बसायचं?"

रखमाजींनी पुष्कळ विचार केला. समोर चंद्राबाई, बाहेर पाऊस, रानात न लावलेलं खाचर. "ज्याला समद्यात जास्त दुपारी लागत्यात ते घ्या," ते म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

शिक्षणाच्या इतिहासात लोकांनी नाना कारणांनी विषय निवडले असतील. सात शेजारणी रुसू नयेत म्हणून कॉम्प्युटर सायन्स घेतल्याचं बहुधा हे पहिलंच उदाहरण. नूतनला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. पण सासऱ्यासमोर ओरडत नाहीत, म्हणून तिने ताकात मीठ जरा जास्त टाकलं.

आणि मग तिने लॅपटॉप उघडला. दुपारी तर मिळाल्या होत्या, पण त्या कुणाच्या कशा बसवायच्या? बनाबाईंचा गुरुवारचा उपास, सुलक्षणाच्या सासूचा बाजारचा दिवस, एकीच्या घरी कुत्रा, त्याला शुभ्रा भ्यायची. बनाबाई आणि सुलक्षणा लागोपाठच्या दिवशी नकोत, नाहीतर पोरीला कुणी काय खाऊ घातलं यावरून दुसरी कोंबडी उभी राहायची. नूतनने एकेक अट प्रोग्रॅममध्ये घातली आणि काडी टोचून चालवला. प्रोग्रॅमने सांगितलं, बसत नाही. पुन्हा चालवला, तरी बसत नाही. सगळं तपासलं, चूक कुठेच नव्हती. मग तिने एक अट काढून टाकली आणि सगळं झटक्यात बसलं; सुलक्षणा तेवढी सोमवारवरून शुक्रवारवर गेली.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी नूतन एकटीच अमृतबरोबर टेम्पोतून जाणार होती. दुधाचे कॅन उतरवून झाले तोच बनाबाई टेम्पोत चढल्या. पाठोपाठ सुलक्षणा. पाठोपाठ बाकीच्या. सकाळीच दोन खाचरं उरकून आल्या होत्या, पाय चिखलाचे, अंगावर पावसासाठी पांघरलेल्या प्लॅस्टिकच्या खोळी. नूतनने विचारलं, तुम्ही कुठं? तर सगळ्यांना आश्चर्य वाटलं. आज सावड नूतनची होती. नूतनचं काम कॉलेजात होतं. मग सावड कुठे जाणार? चंद्राबाई शुभ्राला घेऊन पुढे बसल्या आणि म्हणाल्या, "सोड रं टेम्पो."

कॉलेजच्या फाटकावर शिपायाने विचारलं, मोर्चा कुणाचा आहे. प्रवेशाचा आहे म्हटल्यावर तो बाजूला झाला.

खिडकीमागचे क्लार्क चष्म्यावरून बघणारे होते. त्यांनी नूतनचे कागद घेतले, नूतनकडे पाहिलं, तिच्या मागे पाहिलं. "मुलगी कुठंय?"

नूतनला कळेना. तिने शुभ्राकडे बोट दाखवलं.

"अहो, जिचं ॲडमिशन करायचंय ती. तुम्ही आई ना तिच्या?"

नूतन चोवीस वर्षांची होती. सकाळी वेणी घालून, बारावीतला पांढरा ड्रेस उसवून पुन्हा शिवून ती आली होती. आरशाने तिला वेगळंच काहीतरी सांगितलं होतं. ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच चंद्राबाई पुढे झाल्या. "पोरगी हीच. आई मी."

क्लार्कनी गुणपत्रिका वर केली. तिच्यावर नाव नूतन कोंडिबा साळेकर. आधार कार्डावर नूतन अमृत गोळे. म्हणजे बारावी पास झालेली मुलगी वेगळी आणि खिडकीशी आलेली बाई वेगळी, हे कागदोपत्री सिद्धच झालं. लग्नाचा दाखला आणा, ते म्हणाले. लग्नाची नोंदणी करायची राहूनच गेली होती. बनाबाई म्हणाल्या, लगीन म्या बघितलंय, वरातीत लाईट गेल्ती. दुसरीने जेवणाचा मेनू सांगितला. तिसरीने मठ्ठा संपल्याचं सांगितलं, त्यावर चंद्राबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. क्लार्कनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की साक्षी चालत नाहीत, कागद चालतो. शिवाय गॅप सर्टिफिकेट लागेल.

"त्ये काय असतंय?"

"बारावीनंतर मधली वर्षं या काय करत होत्या, त्याचं प्रतिज्ञापत्र. मधे गॅप दिसतेय."

चंद्राबाईंनी शुभ्राला उचललं आणि खिडकीच्या फळीवर बसवलं. "ही घ्या गॅप."

गॅपने क्लार्कांचं पेन घेतलं.

इतका हशा झाला की आतून मालिनी मॅडम बाहेर आल्या. त्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. त्यांनी खोळी पाहिल्या, चिखलाचे पाय पाहिले आणि नूतनला आत बोलावलं. नूतनबरोबर सगळ्याच आत गेल्या. मॅडमनी काही तक्रार केली नाही, फक्त पंखा मोठा केला.

मॅडम कागदांबद्दल बोलल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, लग्न झालेल्या मुली दर वर्षी येतात आणि दिवाळीनंतर दिसत नाहीत. मूल आजारी पडतं, घरी पाहुणे येतात. एक जागा वाया जाते आणि दुसऱ्या मुलाची संधी जाते. "रोज दुपारी येशील कशी, ते सांग."

नूतनने सावड सांगितली. मॅडमना ती कळायला थोडा वेळ लागला, कारण सातजणी मिळून समजावत होत्या. मग नूतनने लॅपटॉप काढून पाळ्यांचा प्रोग्रॅम दाखवला. उपास, बाजार, कुत्रा, सगळं. कोंबडीची अट तिने घाईघाईने खाली सरकवली. मॅडम वाचत राहिल्या. मधेच त्यांनी विचारलं, हे कुठल्या क्लासला शिकलीस? ही काडी कशाला आहे?

मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ पुसलेली नव्हती, नुसती बंद करून ठेवलेली होती. "ही अट का काढलीस?"

खोलीतल्या सगळ्या बायका पडद्याकडे बघत होत्या, त्यांना प्रोग्रॅमची भाषा वाचता येत नव्हती.

"ती माझी होती," नूतन म्हणाली. "शुभ्राला दुपारी मीच झोपवणार. पहिल्यांदा तीच लिहिली होती. ती असली की काहीच बसत नव्हतं."

मॅडमनी लॅपटॉप हळूच मिटला. त्यांनी खिडकीतल्या क्लार्कना हाक मारली आणि सांगितलं, की तात्पुरता प्रवेश द्या, कागद आठ दिवसांत येतील. क्लार्क म्हणाले, नियमात तात्पुरत्या प्रवेशाला लेखी हमी लागते. मॅडम म्हणाल्या, लिहून घ्या, हमी माझी. क्लार्कनी लिहून घेतली, कारण ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त रिकामा रकाना बघवत नव्हता. तसा एक रकाना अजून उरला होता, पालकाच्या सहीचा. नूतन सज्ञान होती, तिला पालकाची गरज नव्हती, पण रकान्याला होती. सातहीजणी पुढे सरकल्या. बनाबाईंनी तर अंगठा पुसूनही घेतला. क्लार्क म्हणाले, पालक एकच. बायांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि वाट करून दिली.

चंद्राबाईंनी बचतगटात शिकलेली सही केली. एकेक अक्षर सावकाश, रोप लावल्यासारखं, सरळ ओळीत. खिडकी बंद व्हायची वेळ टळून गेली तरी क्लार्क पेनाचं टोपण हातात धरून थांबले होते. पावती मिळाली. विषयापुढे छापलं होतं, कॉम्प्युटर सायन्स. सुलक्षणाने ती वाचून दाखवली आणि बनाबाईंनी तिला पुन्हा वाचायला लावली. वर्षभरात बनाबाई सुलक्षणाशी बोललेलं हे पहिलं वाक्य, पण कुणी तसं दाखवलं नाही.

मग बायांना रान बघायचं होतं. म्हणजे जिथे नूतन रोज दुपारी राबणार ती जागा. मॅडमनी सगळ्यांना नळावर पाय धुवायला लावले आणि कॉम्प्युटर लॅबचं दार उघडलं. आत दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. पोरंपोरी पडद्यांकडे बघत बसलेली, ओळीने, एकसारखी वाकून. बनाबाईंनी सगळी लॅब नजरेखालून घातली आणि चंद्राबाईंना म्हणाल्या, हितंबी कंबर मोडत असंल.

"मागं एक मशीन रिकामं आहे," मॅडम नूतनला म्हणाल्या. "थांबायचं असेल तर आजच बस."

नूतनने शुभ्राकडे पाहिलं. शुभ्राची झोपेची वेळ झाली होती, डोळे जड व्हायला लागले होते. नूतन म्हणाली, उद्यापासून येते मॅडम, आज ही रडेल, हिला माझ्याशिवाय झोप येत नाही.

"आज मंगळवार," बनाबाई म्हणाल्या. "माझी दुपार. आन हिकडं."

त्यांनी शुभ्राला उचलून खांद्यावर टाकलं. नूतन दारापर्यंत मागे गेली. पोर आता रडेल, हात पसरेल, आपण पळत जाऊ, सगळी तयारी तिने मनाशी केली होती. बाया दाराशी उभ्या टेम्पोत चढल्या आणि टेम्पो सुरू झाला. बनाबाईंच्या खोळीत शिरून शुभ्राने प्लॅस्टिक कुरकुर वाजवून पाहिलं, पुन्हा वाजवलं, आणि त्या आवाजावर खुशाल डोळे मिटले. मागे वळून एकदासुद्धा पाहिलं नाही.

नूतनला पोरीचा मनापासून राग आला. निदान दोन मिनिटं तरी रडायला काय झालं होतं? तिने ओढणीने डोळे पुसले, आत गेली आणि मागची खुर्ची पुढे ओढून बसली.